मायक्रॉनकाका

पिंपरी-चिंचवडमध्ये माणूस निवृत्त झाला की त्याचं पुढे काय होणार हे साधारण ठरलेलं असतं. काहीजण दुर्गा टेकडी धरतात. शरीराला निवृत्तीचं पत्र मिळालेलं नसल्यामुळे ते फर्स्ट शिफ्टच्या वेळेलाच उठतात आणि टेकडीवर गोल उभं राहून जोरजोरात हसतात. काहीजण देहू-आळंदी धरतात. काहीजण तळेगावच्या पुढे एनए प्लॉट घेतात आणि दर रविवारी कुणा ना कुणा पाहुण्याला गाडीत कोंबून ते माळरान दाखवायला नेतात. उरलेले सोसायटीच्या कमिटीत जातात. त्यांच्याबद्दल मी काही लिहिणार नाही, मला उन्हाळ्यात टँकर लागतो.

गेल्या काही वर्षांत यात एका नव्या वाणाची भर पडली आहे. हे लोक पॉटरी करतात. निगडी, आकुर्डी, चिंचवड, मोशी असा कुठलाही भाग घ्या, एखाद्या बंगल्याच्या मागच्या पत्र्याखाली चाक फिरताना दिसेल आणि चाकामागे कंपनीचा जुना ॲप्रन घातलेला एक गृहस्थ चष्म्यावरून मातीकडे संशयाने बघत असेल. आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून प्राधिकरणातल्या रो-हाउसमध्ये असे एक आहेत. त्यांचं खरं नाव पोस्टमनला माहीत आहे. बाकी सगळे त्यांना मायक्रॉनकाका म्हणतात.

काका आधी टूलरूममध्ये फिटर होते, मग क्वालिटीत गेले, आणि तिथून निवृत्त झाले. कोणत्या कंपनीतून, ते विचारायचं नसतं. बायका ज्या सुरात 'माहेर' म्हणतात त्या सुरात ते 'कंपनी' म्हणतात, आणि ती एकच असते. शर्टाच्या खिशात अजूनही सहा इंची स्टीलची पट्टी असते. लग्नाला गेले की जेवणाआधी ताट पालथं करून त्याचं बूड बघतात. नवी गाडी कुणी दाखवायला आणली तर पेढा हातात धरून आधी बॉनेट आणि फेंडर यांच्यातली फट डाव्या-उजव्या बाजूला सारखी आहे का ते पाहतात. नसली तर पेढा खातात, पण अभिनंदन करत नाहीत.

मातीकडे ते स्वतःहून वळले नाहीत. साठीला हिंजवडीतल्या लेकीने त्यांना पुण्यातल्या एका पॉटरी वर्कशॉपचं कुपन भेट दिलं. "बाबा, थोडं रिलॅक्स व्हा." बाबा पट्टी, पेन्सिल आणि वही घेऊन रिलॅक्स व्हायला गेले. शिकवणारी मुलगी तिशीची, पण काका शिस्तीने तिला पहिल्या मिनिटापासून मॅडम म्हणू लागले. मॅडमनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. माती काय सांगते आहे ते ऐका म्हणाल्या, इथे काहीच चूक नाही, काहीच बरोबर नाही म्हणाल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. काकांनी हात वर केला.

"मॅडम, ड्रॉइंग कुठे आहे?"

ड्रॉइंग नाही म्हटल्यावर त्यांना पहिला धक्का बसला. तरीही ते टिकले ते चाकामुळे. चाक फिरताना पाहून त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचा उजेड पडला. लेथवर जॉब फिरतो आणि टूल स्थिर असतं. इथेही तेच, फक्त टूलच्या जागी आपला हात. मातीचा गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणणं, म्हणजे सेंटरिंग, यात नवशिक्याचे आठवडे जातात. काकांना ते दुसऱ्या दिवशी जमलं. पण जमलं हे त्यांना हाताने पटेना. पुढच्या खेपेला ते मॅग्नेटिक बेससकट डायल गेज घेऊन गेले आणि फिरत्या ओल्या गोळ्याला डायल लावला. डायलचं टोक मातीत रुतलं आणि भोवताली एक नाजूक रेघ उमटत गेली. "वॉव, काय टेक्स्चर आहे!" मॅडम म्हणाल्या. काकांनी वहीत लिहिलं: तपासणीमुळे जॉब खराब.

मग मातीचं आकुंचन कळलं आणि ते कायमचे अडकले. स्टोनवेअरची माती वाळताना आकसते आणि भट्टीत पुन्हा आकसते. दोन्ही मिळून साधारण बारा टक्के. इतर विद्यार्थ्यांना हे ऐकून वाईट वाटलं. काकांना आपलं माणूस भेटलं. "फाउंड्रीत पॅटर्न करतानासुद्धा आकुंचन धरूनच करतात. बिडाला एक टक्का. हिचं जरा जास्त आहे, एवढंच." त्याच रात्री त्यांनी पॅटर्नमेकरची असते तशी एक मोठी पट्टी बनवली. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा लांब आहे. नातू त्या पट्टीने शाळेत भूमिती करून आला आणि बाईंनी पालकांना बोलावलं, तो भाग वेगळा.

घरचा कारखाना उभा राहायला वेळ लागला नाही, आणि हे फक्त इथेच होऊ शकतं. इतर गावांतल्या स्टुडिओ पॉटरला भट्टी हवी असेल तर ऑर्डर देऊन महिनोन्महिने वाट पाहावी लागते. काका स्कूटर घेऊन भोसरी एमआयडीसीत गेले आणि कॅन्थल वायर, इन्सुलेशनच्या विटा, थर्मोकपल, तापमानाचा कंट्रोलर असं सगळं घेऊन संध्याकाळच्या चहाला परत आले. चाकाची मोटर कुदळवाडीच्या भंगारातली. ती पूर्वी काय फिरवत होती ते काकांना तिच्या आवाजावरून कळलं, पण सांगितलं नाही. ट्रेड सीक्रेट असावं. थ्री-फेज कनेक्शन घेतलं. भट्टी कधीही लावतात, पण बुधवारी रात्री नाही, कारण गुरुवारी वीज दुरुस्तीसाठी कधी जाईल याचा भरवसा नसतो, हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खंडेनवमीला भट्टीला झेंडूची माळ, हळद-कुंकू आणि नारळ. परदेशातले पॉटर भट्टीवर मातीचा एक छोटा देव ठेवतात असं मॅडमनी सांगितलं, तेव्हा काका म्हणाले, "म्हणजे त्यांच्यातही खंडेनवमी असते."

भट्टीचं वेळापत्रक हे त्या घरातलं सर्वांत पवित्र कागदपत्र. ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झचे कण रूप बदलतात आणि एकदम फुगतात. तिथे घाई केली, विशेषतः भट्टी थंड होताना, तर भांडं तडकू शकतं. काकांना स्वतःची शुगर किती आहे हे विचारलं तर फाइल शोधावी लागते, पण ५७३ त्यांच्या अंगात भिनलं आहे. रात्री अडीचला उठून ते त्या आकड्याची वाट बघत बसतात. काकू कूस बदलून विचारतात, "झालं का तुमचं पाचशे त्र्याहत्तर?" मग गाडी पुढे बाराशे वीसपर्यंत जाते. कंट्रोलरवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून आत शंकूही ठेवतात. हेरमान झेगर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८८६ साली ही युक्ती काढली: ठरावीक मिश्रणाचा शंकू ठरावीक उष्णता खाल्ल्यावरच मान टाकतो. काकांनी हे ऐकलं तेव्हा ते झेगरविषयी असे बोलले की तो त्यांच्याच डिपार्टमेंटला होता.

ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवलेली काचच. सिलिका काच बनवते, ॲल्युमिना तिला भांड्यावरून घसरू देत नाही, आणि चुना, सोडा, पोटॅश यांच्यामुळे ती आपल्या भट्टीला परवडेल अशा तापमानाला वितळते. काचेचं या भागाला वावडं नाही. इथून जवळच तळेगावात लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. काकांकडे निर्मला पटवर्धन यांचं १९८४ सालचं 'हँडबुक फॉर पॉटर्स' आहे. त्यातली ग्लेझची कृती वाचून बहुतेक पॉटर चमचा-दोन चमचे इकडेतिकडे करतात. काका ग्रॅमचा शंभरावा भाग मोजणाऱ्या काट्यावर वजन करतात आणि काटा नीट आहे का ते बघायला दुसरा काटा ठेवतात.

त्यांची शेड बघायला लांबून लोक येतात. भिंतीवर फळी आहे आणि फळीवर प्रत्येक हत्याराची काळी बाह्यरेषा काढलेली. तार तारेच्या रेषेत, सुई सुईच्या रेषेत, स्पंज स्पंजच्या रेषेत. जमिनीवर पिवळे पट्टे. हिरव्या रॅकवर पास झालेला माल. आणि कोपऱ्यात कुलूपवाली लाल पेटी, नामंजूर मालासाठी. बुडाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर गेली, लाल पेटी. काठ अर्धा मिलिमीटर लवला, लाल पेटी. ग्लेझला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलं, लाल पेटी. प्रत्येक भांड्याला लाल कागदाचा टॅग. त्यावर दोष, कारण, निर्णय आणि तपासनिसाची सही. तयार करणारा आणि तपासणारा एकच असू नये असा नियम आहे, म्हणून काका माल करताना ॲप्रन घालतात आणि तपासताना काढून ठेवतात.

पेटीची एक किल्ली काकूंकडेही आहे, हे काकांना माहीत नाही. आमच्या गल्लीतल्या तुळशी, कोथिंबिरी, ओवा आणि एका घरचं लोणचं हे सगळं लाल पेटीतल्या मालात नांदतं.

काकांचं मॅडमशी खरं वाजलं ते जपानवरून. काकांच्या पिढीने जपान कोळून प्यायला आहे. मासाआकी इमाई यांचं 'कायझेन' हे पुस्तक १९८६ साली आलं आणि त्यानंतर या पट्ट्यातल्या कारखान्यांत जपानी शब्दांची लाट आली. झिरो डिफेक्ट, पोका-योके, सूचना पेटी, माशाच्या काट्यासारखी ती इशिकावांची आकृती. पोका-योके म्हणजे माणसाला चूक करताच येऊ नये अशी सोय. काकांनी आयुष्यभर ती सोय केली. आणि निवृत्तीनंतर मॅडमनी त्यांना सांगितलं की जपानी लोक वाकड्या, खडबडीत, ओघळलेल्या चहाच्या वाडग्याला देवासारखं जपतात. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूच्या सांगण्यावरून चोजिरोने हाताने, चाकाशिवाय वाडगे घडवले, त्यातून राकू निघालं. वाडगा फुटला तर लॅकरने सांधतात आणि सांध्यावर सोनं चढवतात. अपुरेपणातच सौंदर्य असतं, म्हणाल्या.

"सोनं? रिवर्कवर?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज चिरकला होता.

त्या दिवशी ते घरी आले आणि दोन दिवस शेडमध्ये गेले नाहीत. "जपानने मला दोनदा शिकवलं," ते मला गेटवर म्हणाले, "आणि दोन्ही वेळा उलटं." मग त्यांनी त्यावर विचार केला, बहुधा माशाचा काटा काढूनच, आणि आठवड्याने उत्तर घेऊन आले. "त्याचं काय आहे, ते लोक कंपनीत कायझेन करतात आणि घरी आल्यावर वाकड्या कपात चहा पितात. आपण कंपनीच घरी आणली." हे ऐकताच स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. तो दुजोरा होता.

मॅडमनी त्यांना सुधारायचा प्रयत्न सोडला नाही. "काका, निदान एक करा. तुमच्या कपावर हाताची एक तरी खूण राहू दे. अंगठ्याचा ठसा तरी." काकांनी मान्य केलं. त्यांनी लाकडाचा एक फिक्स्चर बनवला. त्यात कप ठेवला की अंगठा कानापासून बरोबर नव्वद अंशावर, काठाखाली अठरा मिलिमीटरवर, दर वेळी तेवढाच खोल टेकतो. त्या घाण्याचे चोवीसही कप एकाच अंगठ्याचे, एकाच जागी, एकाच खोलीचे. मॅडमनी ते ओळीने मांडलेले पाहिले आणि खाली बसल्या.

मॅडमची बाजू मला कळते, पण एक सांगायला हवं. अपुरेपणातल्या या सौंदर्याचा वाबी-साबी हा जपानी शब्द आपल्याकडे आल्यापासून अनेकांची मोठी सोय झाली आहे. ज्याला सरळ कप करता येतो त्याने वाकडा केला तर त्याला काहीतरी म्हणायचं असतं. ज्याला वाकडाच येतो त्याने त्यावर नऊशे रुपयांची चिठ्ठी लावली तर ते फक्त धाडस. बर्नार्ड लीच १९२० साली शोजी हमादाला घेऊन इंग्लंडात सेंट आयव्ह्जला गेला आणि तिथून जगभर स्टुडिओ पॉटरी पसरली. आपल्याकडे दिल्लीत गुरुचरण सिंग होते, आणि १९७१ पासून रे मीकर व डेबोरा स्मिथ पुदुच्चेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी चालवत होते. या सगळ्यांकडे शिकलेल्यांना विचारा, आधी सरळ सिलिंडर करायचा, उभा चिरायचा, भिंतीची जाडी बघायची आणि परत गोळा करायचा, असे महिने जातात. चिरून बघणं म्हणजे डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग. काकांना ते कुणी शिकवावं लागलं नाही.

दिवाळीच्या आधी काका मुंढव्याला केशवनगरच्या कुंभारांकडे गेले. मीही गेलो, स्कूटरवर मागे. तिथे एक कुंभार चाकावर मोठा गोळा ठेवून वरच्या टोकातून एकेक पणती काढत होता; बोटं दाबली, काठ आला, दोऱ्याने कापली, फळीवर ठेवली. बघता बघता फळी भरली. काकांनी खिशातून व्हर्नियर काढला आणि पणत्या मोजायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, दहा. मग चष्मा पुसला. मग पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या दोन मिलिमीटरच्या आत.

"गेज कोणतं वापरता?" काकांनी विचारलं.

"गिऱ्हाईक थांबलंय," कुंभार म्हणाला, "जरा बाजूला व्हा."

काका बाजूला झाले, पण हलले नाहीत. कुंभाराची आई दारात बसली होती. काकांनी आपला एक पास झालेला कप तिच्या हातात दिला. तिने तो पाहिलाच नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारली, कान देऊन ऐकलं, आणि परत दिला. "भाजलंय बरं." काकांचा चेहरा उजळला. ग्राइंडिंग व्हील मशीनवर चढवण्याआधी तेसुद्धा असंच टांगून ठोकून ऐकतात. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत चीर आहे, फिरताना फुटेल. त्याला रिंग टेस्ट म्हणतात. आणि ग्राइंडिंग व्हील तरी काय असतं? पुष्कळशी व्हील भट्टीत भाजलेल्या मातीच्याच जातीच्या बंधनाने बांधलेली. परतताना सिग्नलला थांबलो की काका मागे वळून मला एकेक नाव सांगत होते. स्पार्क प्लगचा पांढरा भाग, ॲल्युमिना. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतलं मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार, कॉर्डिएराइट. "आणि माझ्या भट्टीतल्या फळ्या कशाच्या आहेत? कॉर्डिएराइट! म्हणजे मी सगळी नोकरी पॉटरीतच काढली. कुणी सांगितलं नाही."

त्या टिचकीवरून त्यांचा एक सिद्धांत निघाला आणि तो त्यांनी हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनकारबुवांना ऐकवला. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संत जमले, मुक्ताबाईने विचारलं हे थापटणं कशाला, आणि गोरोबांनी ते घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटून कच्चं-पक्कं तपासलं, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. काकांच्या मते हे महाराष्ट्रातलं पहिलं नोंदलेलं फायनल इन्स्पेक्शन. "शंभर टक्के तपासणी, सॅम्पलिंग नाही. सगळे गप्प बसले, पास. नामदेवांनी कुरकुर केली, रिजेक्ट. आणि बघा, भंगारात नाही टाकलं! रिवर्कला पाठवलं, औंढ्या नागनाथाला, विसोबा खेचरांकडे." बुवा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "विठ्ठल विठ्ठल." काका त्याला मंजुरी समजले.

मग प्रदर्शन आलं. मॅडमच्या विद्यार्थ्यांचं, पुण्यात, पिवळ्या दिव्यांच्या एका दालनात. काकांनी हिरव्या रॅकवरचे कप, बशा आणि किटल्या नेल्या. मॅडम आदल्या दिवशी सामान न्यायला घरी आल्या होत्या. काका टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत असताना काकूंनी त्यांना लाल पेटी उघडून दाखवली. आत निळसर करड्या ग्लेझचे, ओघळलेले, डाग उठलेले, किंचित कललेले कप बघून मॅडम म्हणे बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पेटी तशीच्या तशी टेम्पोत गेली.

दुसऱ्या दिवशी काकांच्या टेबलाला दोन भाग होते. हिरव्या बाजूला एक गृहस्थ थांबले. एक कप उचलला, फिरवला, दुसरा उचलला, शेजारी धरला.

"मशीनवर केलेत का?"

काका लाजले. नोकरीत एवढी शाबासकी कुणी दिली नव्हती. "छे हो, हाताने."

"मग हाताने कशाला केलेत?"

काकांना उत्तर आलं नाही. मला वाटतं ते होतं त्यांच्याकडे, पण असं चारचौघांत द्यायचं नसतं. आयटीआयला फिटरच्या पोराच्या हातात पहिल्यांदा कानस देतात. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा कानसून कानसून त्याला सहा बाजू आणि प्रत्येक कोपरा काटकोन आणायचा. हातांना फोड येतात, गुण्याच्या आडून उजेड दिसतो, परत कानसायचं. टेल्को १९६६ साली पिंपरीत आली तेव्हा ट्रकच्या आधी यंत्रं बनवण्याची आणि माणसं शिकवण्याची सोय करून बसली होती, ती याचसाठी. पुढे टूलरूममध्ये सरफेस प्लेट खरवडायची. निळा रंग लावायचा, दुसरी प्लेट टेकवायची, जिथे निळं लागलं तिथे उंचवटा, तेवढाच स्क्रॅपरने काढायचा, पुन्हा निळा. तीन प्लेट आलटून पालटून एकमेकींशी जुळवल्या की तिन्ही सपाट होतात; जोसेफ व्हिटवर्थने एकोणिसाव्या शतकात ही रीत रूढ केली. यंत्रांना जो सपाटपणा लागतो तो असा कुणाच्या तरी मनगटातून आलेला असतो. हस्तकला हे नाव आपण विणकर, कुंभार आणि आता कॅफेतल्या मगांना देतो. ज्या गावात सकाळी सहाला हातात डबा घेऊन हजारो कुशल हात बसथांब्यावर उभे राहत होते त्या गावाला कुणी हस्तकलेचं गाव म्हटलं नाही. तिथे हाताचं काम इतकं नीट व्हायचं की त्यात हात दिसायचाच नाही. काकांचा सगळा अभिमान त्या न दिसण्यात होता.

लाल बाजूला मात्र गर्दी होती. टॅग काढायचे राहून गेले होते. बाणेरची एक मुलगी कप हातात धरून टॅग वाचत होती. "दोष: ग्लेझ ओघळले. कारण: थर जाड झाला. निर्णय: नामंजूर." तिने पुन्हा वाचलं, या वेळी सोबतच्या मुलाला ऐकवत, हळू आवाजात. "किती खरं आहे ना हे!" मुलाने मान हलवली, त्याचा बहुधा नुकताच काहीतरी निर्णय लागला होता. तिने कपाची किंमत विचारली. "रिजेक्ट माल गेटबाहेर जात नाही," काका म्हणाले. "बाराशे," मॅडम म्हणाल्या. "टॅगसकट," मुलगी म्हणाली.

संध्याकाळपर्यंत लाल पेटी रिकामी झाली. दोघातिघांनी टॅगची फ्रेम करणार असल्याचं सांगितलं. एका वास्तुरचनाकार बाईंनी काकांना त्यांच्या साधनेबद्दल विचारलं आणि काकांनी त्यांना लाल पेटीच्या नोंदवहीचे रकाने समजावून सांगितले. बाई भारावून ऐकत होत्या. हिरव्या बाजूचा एकच सेट गेला. तो मी घेतला, शेजारधर्म म्हणून. चहा प्यायला फार सोयीचा आहे, थेंब गळत नाही, एकावर एक नीट बसतात. पाहुणे विचारतात, कुठल्या मॉलमधून आणले.

काका आठ दिवस गप्प होते. नवव्या दिवशी एका हॉटेलवाल्याचा फोन आला. ओघळलेला तो कप त्याने कुणाकडे तरी पाहिला होता. अगदी तसेच चोवीस हवे होते.

"तसेच म्हणजे?" काकांनी विचारलं. "ओघळ तसाच?"

"हो, सेम."

फोन ठेवला तेव्हा काकांच्या अंगात वीज आली होती. ग्राहकाने मागितला तो दोष नसतो, ते स्पेसिफिकेशन असतं. त्यांनी टेबल पुसलं, कागद ताणून बसवला आणि पेन्सिल लावून ओघळाचं ड्रॉइंग काढलं. तीन व्ह्यू. लांबी चौदा मिलिमीटर, अधिक-उणे दोन. जागा कानापासून तीस अंश डावीकडे. टोकाचा थेंब व्यास चार. उजव्या कोपऱ्यात काढणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, मंजुरी देणाऱ्याची सही; तिन्ही त्यांचीच, तीन रंगांत. मग ट्रायल सुरू झाल्या. इंजेक्शनच्या सिरिंजने त्या जागी जादा ग्लेझ सोडायचं, मिलिलीटर मोजून. कमी सोडलं तर ओघळ येत नाही. जास्त सोडलं तर फळीला चिकटून कप आणि फळी दोन्ही जातात. भट्टीच्या वरच्या कप्प्यात एक आकडा, खालच्या कप्प्यात दुसरा. भोसरीहून जुने दोन सहकारी मदतीला आले, वहीत आलेख चढले, आणि काकू म्हणाल्या की घरात इतकं चैतन्य लेकीच्या लग्नात होतं.

परवा ती भट्टी उघडली. मी हजर होतो. ओघळ बहुतेक कपांना अगदी ड्रॉइंगप्रमाणे आले होते, तीस अंश, चौदा मिलिमीटर. काका एकेक कप काढून व्हर्नियर लावत होते आणि हिरव्या रॅकवर ठेवत होते. मागच्या ओळीतला एक कप हातात आला आणि ते थांबले. त्याला ओघळ आलाच नव्हता. काठ सरळ, भिंत सारखी, ग्लेझ बुडापर्यंत एकसंध, कुठे छिद्र नाही, डाग नाही. काकांनी काठावरून नख फिरवलं, टिचकी मारली, कान देऊन ऐकलं, उजेडात फिरवून पाहिलं. ॲप्रन काढला. लाल टॅग घेतला आणि लिहिलं: दोष: ओघळ नाही. निर्णय: नामंजूर.

कप पेटीपर्यंत पोचलाच नाही. काकूंनी मधल्या मधे तो काढून घेतला, नळाखाली धरला आणि त्यात चहा ओतला.

"टॅग काढू नकोस," काका म्हणाले. "ऑडिटला लागेल."